बदाम्या आणि सोन्याचा लगाम

एका राज्यात असा एक राजा होता, ज्याच्या तोंडात एक दिवस शब्दांच्या जागी सोने येऊन बसले. राजाचे नाव रत्नकेतू. तो शूर होता, देखणा होता, पण त्याला धीर नव्हता. समोरचा माणूस बोलू लागला, की अर्ध्या वाक्यातच राजा हात वर करी आणि निवाडा सांगून मोकळा होई. घोडा तीन दिवसांत स्वारीला तयार झाला नाही, की तो घोडा शिकवणाऱ्या चाबूकस्वाराला दोष देई.

त्या राज्याच्या उत्तरेला सातकडा नावाचा डोंगर होता आणि त्यावर धूम्रांग नावाचा मायावी राहत असे. राजाची अधीरता त्याच्या कानी गेली. तो दरबारात आला आणि त्याने राजापुढे एक सोन्याचा लगाम ठेवला.

"राजा, हा लगाम ज्या जनावराच्या तोंडात जाईल ते त्याच क्षणी स्वारीला तयार होईल. वर्षभर वापर. वर्ष सरताच परत कर."

राजाने तो लगाम पागेतल्या सातशे घोड्यांना चढवला. सातशे घोडे एका दिवसात तयार झाले. मग त्याने सरदारांची घोडी मागवली, शिंगरे मागवली, कुंभारांची तट्टे आणि परटांची गाढवेसुद्धा सोडली नाहीत. पागेतल्या चाबूकस्वारांना काम उरले नाही. राजाने त्यांना दगडाच्या खाणीवर धाडले.

वर्ष सरले. वैशाखी पौर्णिमेला धूम्रांगाचा दूत आला. राजा म्हणाला, "लगाम मिळणार नाही." पुढले वर्षभर हेच त्याचे शेवटचे शब्द ठरले. दूत उंबरा ओलांडतो न ओलांडतो तोच राजाच्या जिभेवर काहीतरी थंड आणि जड येऊन बसले. त्याने तोंड उघडले. आत जीभ सोन्याची झाली होती. त्याच घटकेला पागेतले सातशे घोडे जागच्या जागी थबकले. ते चारा खात, पाणी पीत, पण पाठीवर माणूस बसला की एक पाऊल टाकत नसत.

त्या राज्याची रीत अशी, की न्याय राजाच्या मुखातूनच व्हावा. लिहिलेला हुकूम चालत नसे. त्यामुळे फिर्याद घेऊन आलेले लोक वाड्याबाहेर तळ ठोकून बसले. शेतांच्या हद्दी अडल्या, सोयरिकी अडल्या, कोठडीतले निरपराध कोठडीतच राहिले. आणि राजाच्या अंगातले सोने रोज तिळातिळाने खाली उतरू लागले.

पागेच्या कडुनिंबावर एक भारद्वाज पक्षी राहत असे. त्याच्या आईने धूम्रांगाच्या ताटातले शीत खाल्ले होते, म्हणून त्याला माणसांची भाषा येई. राणी मेघावतीने त्याला विचारले, "पक्षीराजा, यावर उपाय काय?"

भारद्वाज म्हणाला, "लगाम सातकड्यावर परत पोचवा. पण पायी जाणाऱ्याला तो डोंगर पोळतो. सोन्याचा लगाम चाखलेले जनावर त्यावर चढत नाही. आणि ज्या जनावराच्या तोंडात जखम असेल, त्याला डोंगर वाट दाखवत नाही. पुढल्या वैशाखी पौर्णिमेपर्यंत मुदत आहे. त्यानंतर सिंहासनावर पुतळा बसलेला असेल."

तीन सरदार निघाले. पहिला पायी गेला आणि पाय पोळून परतला. दुसरा पालखीतून गेला. भोयांचे पाय पोळले. तिसऱ्याने परमुलखातून एक उमदा घोडा आणला. त्याच्या तोंडी काटेरी लगाम होता आणि ओठांच्या कोपऱ्यांत रक्त होते. तो घोडा डोंगराच्या पायथ्याशी दिवसभर गोल गोल फिरत राहिला.

तेव्हा खाणीवरून एक बाई वाड्यावर आली. तिचे नाव भिवरा. वय चाळिशीचे, हात दगडासारखे, बोलणे मोजके. तिचा बाप राजाच्या पागेत चाबूकस्वार होता. खाणीवर धाडला गेला आणि पहिल्याच पावसाळ्यात वारला. बापाचे सारे कसब तिच्या हातात उतरले होते. खाणीतून तळ्याच्या बांधापर्यंत दगडाचा गाडा नेणे हे तिचे काम.

"राणीसाहेब," ती म्हणाली, "माझ्या गाड्याला एक खेचर आहे. बदाम्या त्याचे नाव. चार वर्षांचे आहे. खाणीवरचे जनावर म्हणून सोन्याचा लगाम त्याच्याकडे कोणी आणला नाही. त्याच्या पाठीवर आजवर कोणी बसलेले नाही. मी त्याला स्वारीला तयार करीन."

एक सरदार हसला. राणी हसली नाही. तिने विचारले, "किती दिवसांत?"

"आज ज्येष्ठ लागला. चैत्रात मी डोंगराकडे निघेन."

"दहा महिने? सोने उद्या गळ्याशी येईल."

"येईल, राणीसाहेब. पण हे खेचर दीड वर्ष गाडा ओढते आहे. ओझे आले की छाती पुढे टाकायची, एवढेच त्याला ठाऊक. लगाम ओढला तर ते त्यालाही ओझेच समजेल आणि अधिकच पुढे जाईल. त्याला आता उलटे शिकायचे आहे. ओढ आली की सैल व्हायचे. ते घाईने शिकवता येत नाही."

राणीने तिला मुभा दिली.

भिवराने पहिला महिनाभर बदाम्याच्या तोंडात काही घातलेच नाही. डोक्याभोवती साधी दोरीची मोरकी घालून ती त्याच्या शेजारून चालली. दोरी किंचित ताणायची आणि वाट बघायची. बदाम्या मान ताठ करून उभा राही. तीही उभी राही. कधी घटका जाई, कधी दोन. मग केव्हातरी तो मान रेसभर तिच्याकडे वळवी आणि त्याच क्षणी ती दोरी सैल सोडी. दिवसाला दहा वेळा, वीस वेळा. आषाढ सरेपर्यंत तिने दोरीला बोट लावले की तो वळू लागला.

मग तिने त्याच्या पाठीवर रिकामे पोते टाकले, मग वाळू भरलेले. लांब दोऱ्या धरून ती त्याच्या मागून चालू लागली. गावातून, ओढ्यातून, लोहाराच्या भात्याजवळून, ढोल वाजत असलेल्या मांडवापुढून. चालायचे तर "चल" आणि थांबायचे तर "होऽ" हे शब्द त्याला खाणीपासूनच ठाऊक होते. ते तिने बदलले नाहीत. खाणीत ओझे ओढताना ती "हं" म्हणे. तो शब्द तिने फक्त ओढण्यासाठी राखून ठेवला. ती म्हणे, "त्याला येते ते मी का पुसू?"

भाद्रपदात लगामाची वेळ आली. सरदाराने काटेरी लगाम पाठवला आणि निरोप दिला, की याने काम महिनाभरात होईल. भिवराने काट्यांवरून अंगठा फिरवला आणि लगाम परत केला.

पागेतला साधा लगाम तिने घेतला. त्याची तोंडात बसणारी दांडी मध्ये सांध्यावर मोडणारी होती. बदाम्याने तो घेतला खरा, पण दोरी ओढली की तो डोके झटकी आणि जबडा फाकवी. भिवराने त्याच्या तोंडात बोटे घालून पाहिले. जीभ जाड होती, टाळू खाली होता. दांडी मोडली की तिचा सांधा टाळूला टोचत होता. तो लगाम तिने बाजूला ठेवला.

मग तिने सरळ, अखंड दांडीचा लगाम आणला. तो टोचत नव्हता. पण बदाम्याने त्यावर जीभ रोवली, मान खाली घातली आणि भिवराला मागे ओढत थेट तळ्याच्या बांधापर्यंत नेले. त्याला वाटले, गाडा जोडला आहे. बघणारे हसले. भिवराने त्याची मान थोपटली आणि तोही लगाम काढला.

तिसऱ्यांदा ती गोंदा लोहाराकडे गेली. बरोबर तिने मेणाची एक कांडी नेली होती. ती बदाम्याने चावली होती आणि तिच्यावर त्याच्या दातांमधल्या फटीचा, जिभेचा आणि टाळूचा ठसा उमटला होता.

"गोंदादादा, असा लगाम घडवा, की दांडीचे दोन आखूड तुकडे आणि मध्ये तांब्याचा चपटा मणी. मणी जिभेवर निजला पाहिजे, उभा राहता कामा नये. ओठांबाहेर दोन्हीकडे गव्हाच्या दाण्याएवढी जागा ठेवा."

लोहाराने मेणाची कांडी डोळ्यांपाशी धरली. "राजाच्या मुकुटालाही कोणी इतके माप दिले नव्हते," तो म्हणाला.

त्याने लगाम सात वेळा घासला. जिथे कपड्याचा धागा अडकेल तिथे कातडी सोलवटेल, म्हणून त्याने आपल्या पागोट्याचे रेशीम त्यावरून फिरवून पाहिले. धागा कुठेच अडकला नाही. भिवराने लगाम हातात धरून ऊबदार केला आणि बदाम्यापुढे धरला. बदाम्याने हुंगले, तोंड उघडले आणि तांब्याचा मणी जिभेने चाळवत उभा राहिला. ओठाच्या कोपऱ्याला एकच सुरकुती पडली. भिवराला तेवढीच हवी होती.

पण आठवड्याने त्याच्या तोंडातून दुधाचा दात पडला आणि हिरडी सुजली. भिवराने लगाम खुंटीला टांगला तो तीन आठवडे काढला नाही. त्या तीन आठवड्यांत सोने राजाच्या गळ्यापर्यंत आले.

मार्गशीर्षात ती प्रथम त्याच्या पाठीवर पालथी पडली, पोत्यासारखी, आणि लगेच उतरली. पंधरा दिवसांनी ती बसली. बदाम्याने कान मागे फिरवले, वर कोण आहे ते ऐकले आणि चालू लागला. खाणीतले लोक कामे टाकून बघत राहिले. दगड वाहणारे जनावर माणसाला असे नेत होते, जणू पाण्याने भरलेली घागर डोक्यावर घेऊन कुणी बाई चालावी.

माघात राणी स्वतः आली. "सोने छातीशी आले आहे. आज निघ."

"अजून नाही, राणीसाहेब. डावीकडे वळताना तो अजून घाबरतो."

"राजा मेला तर तुझ्या खेचराच्या डावी-उजवीचे काय करायचे?"

राणी रडत परतली. भिवरा तशीच बदाम्यावर बसली. त्याच दुपारी बदाम्या डावीकडच्या वळणावर बिचकला आणि भिवराच्या हातातला दोर तिच्या मनाआधी चालला. तिने जोराचा झटका दिला. बदाम्या थरथरला आणि उभा राहिला. तोंडात जखम झाली नव्हती, पण त्याने तिच्याकडे मान वळवून पाहिले. भिवरा खाली उतरली आणि त्याच्या मानेवर कपाळ टेकून बराच वेळ उभी राहिली. पुढले आठ दिवस तिने पुन्हा मोरकीपासून सुरुवात केली.

चैत्रात, पहाटेची थंडी असताना, ती सोन्याचा लगाम झोळीत घालून निघाली. बदाम्याच्या छातीवर तिने गाड्याचा जुना पट्टा बांधला होता. सातकडा चढताना त्याच्या खुरांना डोंगर पोळला नाही.

पहिल्या कड्यावर वाट दुभंगली. डावीकडे रुंद, पांढरी, सपाट वाट. उजवीकडे नुसते सुटे दगड. भिवराने डावीकडचा दोर हलकेच उचलला. बदाम्या थांबला. तिने पुन्हा उचलला. तो हलला नाही. त्याचे दोन्ही कान उजवीकडे होते. ती त्याला खाणीपासून ओळखत होती. त्याची भीती कशी असते ते तिला माहीत होते, आणि ही भीती नव्हती. तिने दोर त्याच्या मानेवर सोडून दिले. बदाम्या उजवीकडच्या दगडांवर एकेक खूर पारखत चढला. वर पोचल्यावर भिवराने खाली पाहिले. पांढरी वाट म्हणजे दरीवर पसरलेला ढग होता.

दुसऱ्या कड्याच्या टोकाशी वाटेत एक शिळा आडवी होती. तिला लोखंडी कडी होती आणि कडीवर एक घार बसली होती. घार म्हणाली, "हलवशील तर जाशील. उतरशील तर जळशील."

भिवराने बसल्या जागेवरून झोळीतल्या दोराचा फास टाकला. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा कडीत पडला. तिने दोर छातीच्या पट्ट्याला बांधला, बदाम्याला वळवले, लगाम पूर्ण सैल केला आणि म्हणाली, "हं."

तो शब्द बदाम्याने दहा महिन्यांत ऐकला नव्हता. त्याचे कान ताठ झाले. त्याने छाती खाली घातली, मागचे पाय रोवले आणि खाणीत ओढी तसा ओढला. पाठीवर माणूस होता, तरी त्याची पाठ ढळली नाही. शिळा करकरली आणि वाटेच्या कडेला सरकली. घार वाट सोडून उडाली.

सातांपैकी तिसऱ्याच कड्यावर झरा होता, आणि झऱ्याकाठी धूम्रांग बसला होता. त्याची दाढी धुराची होती. वाऱ्याने हलली की विरळ होई आणि पुन्हा दाट होई.

"लगाम राजाने ठेवला," तो म्हणाला. "तू का आणलास?"

"स्वामी, राजाच्या मुखाशिवाय राज्य अडले आहे. आणि घोडे उभे आहेत."

"तुझा बाप त्याच राजाने खाणीत मारला."

"होय. ते मी विसरलेले नाही. पण कोठडीतली माणसे माझ्या बापाला ओळखतही नव्हती."

धूम्रांगाने बदाम्याच्या लगामाकडे पाहिले. मग तो म्हणाला, "शेवटची अट. या खेचराच्या तोंडातला लगाम तुझ्या तोंडात जाईल. दहा महिन्यांत तुझ्या हाताने त्याला जे जे दिले, ते सारे तुला एका घटकेत मिळेल. राजाच्या तोंडात जे बसले आहे, तेही असेच त्याच्या हातचे आहे. सोसलेस, तर मी सोने परत घेईन."

भिवराने मान डोलावली. मायाव्याने बोट हलवले. तांब्याचा मणी तिच्या जिभेवर येऊन निजला.

आधी काहीच कळले नाही, इतके ते हलके होते. कुणी केसाने ओठ हलवावा तसे. डावीकडे वळ, उजवीकडे वळ, थांब, शाबास. हजारो वेळा दोर आला आणि हजारो वेळा, तिने मान वळवताच, सैल झाला. तिला आपलेच हात आपल्या तोंडात कळले आणि तिला रडू आले, कारण ते हात तिच्या बापाचेही होते. मग माघातला झटका आला. तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली, जबड्यातून कळ मस्तकात गेली आणि ओठातून रक्त आले. पण ती खाली पडली नाही. घटका सरली. लगाम पुन्हा बदाम्याच्या तोंडात होता.

"रक्त आले ते कोणत्या दिवसाचे?" धूम्रांगाने विचारले.

"माघातल्या अष्टमीचे, स्वामी."

"खेचर अडले होते?"

"नाही. ते बिचकले होते. अडले होते ते माझे मन. चूक माझी."

"इथवर जे कोणी आले, ते सारे म्हणाले, जनावर वाईट होते," मायावी म्हणाला. त्याने हात पुढे केला. भिवराने सोन्याचा लगाम त्यावर ठेवताच त्याचा पिवळा साप झाला आणि दगडांत निघून गेला. मग धूम्रांग उठला, बदाम्याजवळ गेला आणि त्याने त्याच्या ओठाचा कोपरा उचलून आत पाहिले. तिथे कातडी नव्या पानासारखी होती. "जा," तो म्हणाला. "आता पायी उतरलीस तरी पोळणार नाही."

भिवरा दरबारापर्यंत बदाम्याशेजारून चालत आली.

ती वेशीत शिरली तेव्हा पागेतून सातशे घोड्यांच्या टापा ऐकू आल्या. राजाच्या अंगातले सोने कोंड्यासारखे झडून गेले होते. तो सिंहासनावरून उतरला, चालत अंगणात आला आणि त्याने भिवरापुढे हात जोडले. तो म्हणाला, "माझ्या हातांनी काय केले ते मी वर्षभर तोंडात भोगले. तुझा बाप गेला तो मी परत आणू शकत नाही."

"नाही, महाराज," भिवरा म्हणाली. "पण बाकीचे चाबूकस्वार अजून खाणीवर आहेत."

ते संध्याकाळच्या आत परत आले. भिवरा त्यांची मुख्य झाली. पागेच्या दारावर तिने एकच नियम लिहवून घेतला, की कोणत्याही जनावराला शिकायला वर्ष द्यावे, आणि लगाम जनावराच्या मापाने घडवावा. बदाम्याला पागेतली पूर्वेकडची, सकाळच्या उन्हाची जागा मिळाली. परमुलखातून राजे त्याला बघायला येत आणि एवढेसे साधे खेचर पाहून चकित होत.

दुसऱ्या दिवशी दरबार भरला. पहिली फिर्याद दोन सख्ख्या भावांची होती. एका विहिरीवरून ते वर्षभर वाड्याबाहेर बसून होते. थोरला बोलू लागला आणि अर्ध्या वाक्यावर अडखळला. जुन्या सवयीने सारे राजाच्या हाताकडे बघू लागले. हात वर झाला नाही. राजा गप्प होता. प्रधानाला धास्ती वाटली, की सोने पुन्हा आले की काय. राणी अर्धी उठली.

तेव्हा राजा थोडा पुढे वाकला आणि हळू आवाजात म्हणाला, "घाई नाही. सांग, मी ऐकतो आहे."

थोरला भाऊ दुपारपर्यंत बोलला, धाकटा तिन्हीसांजेपर्यंत. शेवटी राजाला निवाडा करावाच लागला नाही. एकमेकांचे पुरते ऐकल्यावर दोघे भाऊ एकाच वाटेने घरी गेले.

असे त्या राज्याचे अडलेले सुटले. ज्यांनी ही हकिगत शेवटपर्यंत ऐकली, त्यांचेही सुटो.